नकाशाला प्रश्न विचारताना

मेहरूण हे एकेकाळचे स्वतंत्र गाव. आज ते जळगाव शहराच्या पोटात आले आहे. पण तलाव, बोरे आणि कागदोपत्री उरलेले ‘मौजे मेहरूण’ एवढ्या खुणा अजून शिल्लक आहेत. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या काही विद्यार्थ्यांबरोबर बसून मी संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या परिसराचा नकाशा उघडला. तलाव दिसला, रस्ते दिसले, कारखान्यांची छपरे दिसली. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी विचारले, “नकाशामा आपला नळ शे का रे?” पोरे हसली. मला हसू आले नाही. आम्ही शिकलेली माणसे नकाशा नुसता पाहत होतो. आजींनी त्याला प्रश्न विचारला होता. इंटरनेटवरच्या नकाशाला असा प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचे उत्तर कितपत खरे धरायचे, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

भिंतीवरच्या छापील नकाशाच्या पाठीमागे काही नसते. पडद्यावरच्या नकाशामागे एक तक्ता असतो. नकाशावरचे प्रत्येक घर, रस्ता, विहीर, शेत म्हणजे त्या तक्त्यातली एकेक ओळ, आणि त्या वस्तूचे गुणधर्म, म्हणजे नाव, प्रकार, क्षेत्र, लोकसंख्या, हे त्यातले रकाने. तलाठी कार्यालयात ज्यांनी चपला झिजवल्या आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. सातबारा वेगळा आणि गावनकाशा वेगळा, हे त्यांना ठाऊक आहे. संगणकाने हे दोन कागद एकमेकांना शिवून टाकले, एवढाच फरक.

शिवल्यामुळे एक गोष्ट शक्य झाली. रकान्याला अट घालावी आणि ती अट पुरी करणाऱ्या वस्तू तेवढ्या नकाशावर उजळाव्यात. या अटीला ‘क्वेरी’ म्हणतात. तिचे तुकडे तीन: रकान्याचे नाव, मधले चिन्ह आणि किंमत. प्रकार = ‘विहीर’ असे लिहिले की विहिरी उजळतात, बाकी सारे मागे सरते.

पण यंत्र शब्दाचा अर्थ पाहत नाही, अक्षर पाहते. मी ‘मेहरूण’ असे टाइप केले आणि उत्तर शून्य आले. रकान्यात नाव रोमन लिपीत होते. देवनागरीत असते तरी भरवसा नव्हता, कारण कुणी ‘मेहरुण’ लिहितो, कुणी ‘मेहरूण’, आणि यंत्राच्या दृष्टीने ऱ्हस्व ‘रु’ आणि दीर्घ ‘रू’ ही दोन निराळी गावे आहेत. शुद्धलेखनावरून आमच्या पोरांना वर्गात हिणवणारे मास्तर इथे यंत्राच्या रूपाने पुन्हा भेटतात म्हणा ना. यावर उपाय असा की ‘बरोबर’च्या चिन्हाऐवजी ‘यासारखे’ ही अट घालावी आणि नावाचा खात्रीचा भाग तेवढा द्यावा. आकड्यांचीही गंमत आहे. रकाना अक्षरांचा म्हणून बनवला असेल तर यंत्राला ‘९’ हा ‘१०’पेक्षा मोठा वाटतो, कारण ते पहिलेच अक्षर ताडून मोकळे होते. आणि देवनागरी आकडे तर बहुतेक यंत्रे आकडे मानतच नाहीत.

अटी जोडण्यासाठी ‘आणि’ व ‘किंवा’ असे दोन शब्द आहेत. इथे आपली बोली आपल्यालाच फसवते. ‘तलावाकडची गल्ली आणि रस्त्याकडची गल्ली इथली घरे’ असे आपण सहज बोलतो. यंत्राला ‘आणि’ म्हटले तर ते एकाच वेळी दोन्ही गल्ल्यांत असलेले घर शोधते. असे घर नसतेच. तिथे ‘किंवा’ हवे. त्या दोन गल्ल्यांतली बिननळाची घरे हवी असतील तर ‘किंवा’ची जोडी कंसात घालून मग ‘आणि नळ = नाही’ लिहावे लागते. कंस विसरलात तर पहिल्या गल्लीतली सगळीच घरे आणि दुसऱ्या गल्लीतली बिननळाची घरे असे भलतेच मिश्रण हाती येते. पडद्यावर ते सुबक दिसते, म्हणूनच ते घातक.

सर्वांत मोठा सापळा मात्र रिकाम्या खान्याचा आहे. नळ = ‘नाही’ अशी अट घातली तर जिथे ‘नाही’ लिहिलेले आहे तीच घरे येतात. मग उलटे विचारावे, नळ ‘आहे’ नसलेली घरे दाखव, तरीही रिकाम्या खान्याचे घर येत नाही. ते ‘आहे’मध्ये नाही आणि ‘नाही’मध्येही नाही. यंत्राच्या भाषेत या रिकामेपणाला ‘नल’ म्हणतात. जिथे नळ पोचला नाही तिथे बहुधा हा नल आधी पोचलेला असतो. ज्या वस्तीत गणना करणारा गेलाच नाही, ती वस्ती कोणत्याच प्रश्नाच्या उत्तरात येत नाही. तिच्यासाठी ‘खाना रिकामा आहे का’ असा स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो. कार्यकर्त्याने माझ्या मते सर्वांत आधी हाच प्रश्न विचारावा.

म्हणजे क्वेरी रकान्याच्या पलीकडे पाहू शकत नाही. रकाना कोणी आखला आणि कोणी भरला, यावर सारे येऊन थांबते. आपल्या समाजाला याचा अनुभव संगणकापूर्वीचाच आहे. १९५६ साली बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतलेल्यांनी १९६१च्या जनगणनेत धर्म ‘बौद्ध’ असा अभिमानाने लिहिला. महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. पण अनुसूचित जातींच्या यादीत तेव्हा बौद्धांना जागा नव्हती, त्यामुळे त्याच रकान्यातून ही माणसे गळाली. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के नोंदले गेले आणि १९९१ साली ते ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मली नव्हती. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, हे त्याचे मुख्य कारण. माणसे तिथेच होती, फक्त अट बदलली.

जमिनीचेही तसेच. राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक दिला की ते शेत नकाशावर उघडते. सोय मोठी आहे. पण तिथे प्रश्न एका गटाला विचारता येतो, रकान्याला नाही. ‘या गावातल्या भोगवटादार वर्ग २च्या सगळ्या जमिनी दाखव’ असे सामान्य माणसाला तिथे विचारता येत नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. त्या जमिनी पुढे नवीन अटीवर परत दिल्या गेल्या आणि वर्ग २मध्ये बसल्या. त्यातल्या किती आज मूळ कुटुंबाकडे आहेत, हे पाहायचे तर एकेक गट उघडत बसावे लागते. शिवाय वर्ग २मध्ये इतर तऱ्हेच्या जमिनीही येतात, म्हणून मूळ वतनाची नोंद जुन्या फेरफारातून काढून दुसरा रकाना आपणच भरावा लागेल.

नावाच्या रकान्याविषयीही थोडे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच झाला. पण नाव बदलले म्हणून गटार आले असे होत नाही, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला ती वस्ती यापुढे सापडणार नाही. म्हणून आपल्या तक्त्यात ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना अभ्यासापुरता ठेवावा.

जनगणनेचे आकडे नकाशाला जोडूनही बरेच काम होते. २०११च्या तक्त्यांत शहरातल्या प्रभागापर्यंत अनुसूचित जातींची संख्या मिळते आणि घरात पाणी असलेल्या घरांचे प्रमाणही मिळते. दोन्हींवर अट घालून प्रभाग निवडता येतात. मात्र प्रभागाच्या सरासरीत वस्ती बुडते. चांगल्या नळाच्या प्रभागात कोपऱ्यावरची चाळीस घरे कोरडी असली तरी प्रभाग उजळत नाही. प्रभागांच्या सीमाही पुढे बदलतात. २०११चे आकडे आजच्या सीमांना चिकटवले तर उत्तर खोटे येते.

म्हणून घरागणिक नकाशा हवा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल शहरालगत कोल रन नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या कुटुंबांना सुमारे पन्नास वर्षे सार्वजनिक नळाचे पाणी मिळाले नाही. पावसाचे पाणी साठवून, दुरून वाहून आणून ते दिवस काढत. खटल्यात अभ्यासकांनी घरागणिक नकाशा मांडला. एका रकान्यात घरात कोण राहते, दुसऱ्यात नळ आहे की नाही. दोन अटी एकत्र केल्या तेव्हा पाण्याची रेषा आणि वर्णाची रेषा एकच निघाली. जुलै २००८ मध्ये ज्यूरीने रहिवाशांना सुमारे १ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांच्या वारसांना या नकाशाचा अर्थ उलगडून सांगायला नको.

मात्र सावध राहा. जी अट आपण आपली घरे शोधायला वापरतो तीच दुसराही वापरील. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदवहीत धर्माचा रकाना होता. नाझींनी ज्यू कुटुंबे हुडकायला तीच वही वापरली, आणि १९४३ साली प्रतिकार करणाऱ्यांना ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवावे लागले. जात आणि घर एकत्र दाखवणारा थर इंटरनेटवर उघडा टाकू नये. तो संघटनेकडे कुलपात राहावा, बाहेर गल्लीनिहाय बेरीज तेवढी जावी.

मेहरूणच्या पोरांनी कागदावर तक्ता आखला तेव्हा नळाच्या रकान्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच दोन पर्याय होते. आजींच्या घरी गेलो. एका पोराने ‘आहे’वर खूण केली. आजी म्हणाल्या, “नळ शे रे बाबा, पन तो दुसऱ्याच्या दारमा शे.” खूण खोडली. दोन्ही पर्यायांत ते घर बसेना. शेवटी तिथेच पायरीवर बसून आम्ही पट्टीने आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिले: ‘नळ कोणाच्या दारात’.