फिल्टर वाचला, हवा बिघडली

सर्व्हिसिंगहून परतलेल्या गाडीच्या जॉबकार्डवर 'सॉफ्टवेअर अपडेट' अशी ओळ दिसली, तर आपण तिच्याबद्दल सहसा काही विचारत नाही. त्याचे वेगळे पैसे लागले नसतील, तर मुळीच नाही. २०१४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या फोक्सवॅगन डिझेल गाड्यांच्या मालकांनीही विचारलं नाही. अपडेटने गाडी सुधारेल, एवढंच त्यांना सांगितलं गेलं. खरं तर त्या अपडेटमुळे प्रदूषण रोखणारी यंत्रणा रस्त्यावर आणखी बिनचूकपणे मागे सारली जाणार होती. 'डिझेलगेट' प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याभोवतीचे गैरसमज अजून गेलेले नाहीत.

गैरसमज : कंपनीने प्रदूषण रोखणारे पार्ट बसवलेच नव्हते.

वस्तुस्थिती : पार्ट जागच्या जागी होते. खोट सॉफ्टवेअरमध्ये होती. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, वेग ठरलेल्या तक्त्यानुसार चढतो-उतरतो आणि स्टिअरिंग मात्र सरळच राहतं. अशा खुणांवरून इंजिनाचा संगणक चाचणी ओळखायचा आणि सगळी यंत्रणा नीट चालवायचा. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रणा ढिली पडायची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १८ सप्टेंबर २०१५ रोजी नोटीस काढली. काही गाड्या नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत असल्याचं तिने जाहीर केलं. जगभरात असं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्या सुमारे १ कोटी १० लाख होत्या.

गैरसमज : हा सगळा खटाटोप मायलेज आणि पिकअपसाठी होता.

वस्तुस्थिती : पार्ट टिकवणं हेही मोठं कारण होतं. ईजीआर हा पार्ट धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड्स घटतात, पण काजळी वाढते. ती काजळी डीपीएफ फिल्टरमध्ये साठते आणि तिथेच जाळावी लागते. हे जितक्या वेळा घडेल, तितका फिल्टर लवकर थकतो.

२०१२ च्या सुमाराला अमेरिकेत ग्राहकांच्या गाड्यांमध्ये पार्ट निकामी होऊ लागले. अभियंत्यांचा अंदाज असा, की काही गाड्या रस्त्यावरही 'चाचणी मोड'मध्येच राहत असाव्यात आणि त्याचा ताण एक्झॉस्ट यंत्रणेवर येत असावा. म्हणजे कायद्याला हवी तशी गाडी चालली, की पार्ट तग धरत नव्हते! यावर उपाय म्हणून पार्ट दणकट केला गेला नाही. स्टिअरिंग वळतंय की नाही हे पाहून चाचणी ओळखण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये वाढवली गेली. नव्या गाड्यांत ती आधीपासून आली आणि जुन्या गाड्यांत सर्व्हिसिंगच्या वेळी घातली गेली. २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करताना कंपनीने हा सगळा घटनाक्रम मान्य केला.

गैरसमज : वॉरंटीतली दुरुस्ती म्हणजे डीलरच्या खिशाला चाट.

वस्तुस्थिती : काम डीलर करतो, पण बिल कंपनीला जातं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्रदूषण नियंत्रणाचा संगणक यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा ८० हजार मैल, म्हणजे जवळपास १ लाख २९ हजार किलोमीटर असते. इतकी वर्षं महागडे पार्ट फुकट बदलून द्यायचे, तर त्याचा भार मोठा. तो टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे पार्ट चांगला बनवणं. आडमार्ग म्हणजे त्याला कामच कमी देणं.

गैरसमज : धूर दिसत नाही आणि पीयूसी आहे, म्हणजे गाडी स्वच्छ.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड्स तिथे मोजलेच जात नाहीत आणि सायलेन्सरपाशी ते डोळ्यांना दिसतही नाहीत. फोक्सवॅगनची चोरी उघडी पडली ती रस्त्यावर. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये मोजणीची यंत्रं गाडीतच चढवून कॅलिफोर्नियात चाचण्या घेतल्या. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय अभियंतेही होते. मर्यादेच्या तुलनेत फोक्सवॅगनच्या जेट्टाचं उत्सर्जन १५ ते ३५ पट आणि पसाटचं ५ ते २० पट निघालं. प्रयोगशाळेत याच गाड्या पास होत होत्या.

गैरसमज : हे एकाच कंपनीचं पाप, आणि तेही परदेशातलं.

वस्तुस्थिती : १९९५ मध्ये जनरल मोटर्सला कॅडिलॅकच्या सुमारे ४ लाख ७० हजार गाड्यांबाबत तडजोड करावी लागली. एसी लावला की इंजिन बंद पडतं, या तक्रारीवर कंपनीने जास्त इंधन सोडणारी चिप बसवली होती. त्याने प्रदूषण वाढलं, पण तेव्हा चाचणी एसी बंद ठेवून होत असे, त्यामुळे तिथे काही कळायचं नाही. भारतात त्याच कंपनीच्या इथल्या शाखेला २०१३ मध्ये उत्सर्जन चाचणीतल्या गैरप्रकारांमुळे १ लाखाहून अधिक टवेरा परत बोलवाव्या लागल्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. त्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

गैरसमज : गाडी माझी आहे, ईजीआर बंद करीन नाहीतर डीपीएफ काढून टाकीन.

वस्तुस्थिती : वॉरंटी संपली आणि फिल्टर बदलायचा खर्च ऐकला, की गॅरेजवाला हा सल्ला हमखास देतो. पण कंपनीने जे सॉफ्टवेअरने केलं, तेच हे पान्याने करणं झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषणाची मानकं मोडणारं वाहन रस्त्यावर आणल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुरुस्तीचा खर्च यात वाचत नाही. तो फक्त रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या आणि दम्याच्या रुग्णांच्या माथी जातो.

हा व्यवहार फोक्सवॅगनच्या तरी पथ्यावर पडला का? अमेरिकेत फौजदारी आणि दिवाणी दंड मिळून ४३० कोटी डॉलर भरावे लागले. गाड्या परत विकत घेण्याचा खर्च वेगळा. ज्या गाड्या सुधारून रस्त्यावर राहिल्या, त्यांच्यातली यंत्रणा आता जास्त राबणार होती. म्हणून तडजोडीत एक अट घातली गेली : या पार्टवरची वॉरंटी वाढवून द्यायची, खर्च कंपनीचा.