सर्फिंगला सोबती हवाच

नोकरीच्या निमित्ताने इंदूर, हैदराबाद किंवा पुण्याहून येऊन पणजी-पर्वरीत स्थिरावणाऱ्या तरुणांना लाटांची ओढ लवकर लागते. सर्फबोर्ड भाड्याने मिळतो, शिकवणारेही भेटतात. सोबती मात्र सहजी मिळत नाही. वरकरणी हा खेळ एकट्याचा आहे. एका फळीवर एकच जण उभा राहतो आणि एका लाटेवर एकानेच स्वार व्हावे, असा संकेतही आहे. तरीही जाणते सर्फर एकट्याने पाण्यात उतरण्याचे टाळतात. त्याचे कारण समुद्राच्या स्वभावात आहे.

लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. ही वाट अरुंद असली, की तेथे समुद्राकडे खेचणारा वेगवान प्रवाह निर्माण होतो. ‘रिप करंट’ म्हणतात तो हाच. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. त्यामुळे नवख्याला नेमकी तीच जागा शांत भासते. प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजत दमून न जाता, फळी न सोडता, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर पडावे, असा नियम आहे. परंतु नियम ठाऊक असणे आणि भीतीने गांगरलेल्या क्षणी तो आठवणे, यांत मोठे अंतर आहे. स्वतःचीच फळी डोक्यावर आदळून शुद्ध हरपली, तर कोणताच नियम उपयोगी पडत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती आपल्यावर लक्ष ठेवणारी दुसरी नजर.

ही नजर शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकट्यासाठी शिकवणी न लावता गटाच्या वर्गात नाव घालणे. उत्तर गोव्यातील मांद्रे, आश्वे, मोरजी आणि दक्षिणेतील आगोंद, पाटणे हे किनारे पावसाळा सरल्यानंतर नवशिक्यांना सोयीचे ठरतात. सोबत शिकणाऱ्यांची तयारी साधारण सारखीच असते. त्यामुळे एकमेकांच्या जोडीने सराव करणे जमते. वर्ग संपला तरी ठरावीक दिवशी, ठरावीक किनाऱ्यावर जात राहावे. दुपारच्या वाऱ्याने पाणी विस्कटण्यापूर्वी, सकाळीच नेहमीची मंडळी उतरतात. रोज दिसणारा चेहरा काही आठवड्यांत ओळखीचा होतो.

त्या ओळखीची खरी पारख पाण्यात होते. लाट जेथे प्रथम फुटू लागते, त्या जागेच्या सर्वांत जवळ असणाऱ्याचा तिच्यावर पहिला हक्क. त्याच्या पुढ्यात घुसणे हा मोठा उद्धटपणा मानला जातो आणि त्यातून टक्करही होऊ शकते. समुद्रात आत जाताना लाटेवर स्वार झालेल्यांची वाट अडवू नये, बाजूने वळसा घ्यावा. पायाला बांधलेली दोरी, म्हणजे लीश, असली तरी फळी वाऱ्यावर सोडू नये. नवख्याने आरंभी कडेला थांबून लहान लाटा घ्याव्यात आणि चूक झाल्यास तत्काळ माफी मागावी. एवढे पाळणाऱ्याला जुने सर्फर आपणहून सामावून घेतात.

किनाऱ्यावरची माणसेही या सोबतीत मोडतात. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी संस्थेचे जीवरक्षक तैनात आहेत. उतरण्यापूर्वी त्यांना विचारल्यास कोठे ओढ आहे, हे कळते. लाल बावटा दिसला, तर विचारण्याचीही गरज नाही. रापणकारांना तर त्या पाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असते. त्यांचे जाळे पडलेले असेल तेथून दूर राहणे, ही साधी सभ्यता आहे. दोन शब्द कोंकणीतून बोलणाऱ्या परगावच्या माणसाकडे ते वेगळ्या आपुलकीने पाहतात. मोरजी, मांद्रे आणि आगोंद येथे सागरी कासवे अंडी घालतात. तेथे कुंपण घातलेल्या घरट्यांपासून फळ्या दूर ठेवाव्यात.

अखेरीस सोबती निवडताना त्याचे कौशल्य पाहावे, त्याहून अधिक त्याचा विवेक पाहावा. मोठी लाट पाहून डिवचणाऱ्यापेक्षा ‘आज नको’ म्हणणारा अधिक भरवशाचा. पाण्यात शिरण्यापूर्वी दोघांनी बाहेर पडण्याची जागा, हाताची खूण आणि परतण्याची वेळ ठरवावी. घरीही कोणाला तरी सांगून ठेवावे. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असतो आणि साध्या पोहण्यासाठीही उतरू नये, असे जीवरक्षक बजावतात. त्या महिन्यांत याच मंडळींनी कांपालच्या जलतरण तलावात दम वाढवावा, बुडालेल्यावर करावयाचे प्रथमोपचार शिकून घ्यावेत. म्हणजे पावसानंतर पुन्हा फळ्या बाहेर निघतील, तेव्हा प्रत्येकाला शेजारी कोण आहे आणि प्रसंगी तो काय करू शकतो, हे ठाऊक असेल.