इतिहासातील मौन आणि पडद्यावरील न्याय : ‘डेथ हंट’

ज्या माणसाविषयी इतिहासाला फारसे ठाऊक नाही, त्याच्याविषयी कला किती बोलू शकते, या प्रश्नाचा विचार करताना पीटर हंट दिग्दर्शित ‘डेथ हंट’ (१९८१) हा चित्रपट विशेष उद्बोधक ठरतो. चार्ल्स ब्रॉन्सन व ली मार्विन यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटास कॅनडाच्या उत्तर सीमेवरील एका सत्य घटनेचा आधार आहे.

१९३१ च्या उन्हाळ्यात अल्बर्ट जॉन्सन या नावाने ओळखला जाणारा एक अबोल मनुष्य रॅट नदीच्या परिसरात येऊन एकटाच राहू लागला. आपले सापळे कोणी बिघडवतो, अशी तेथील आदिवासी शिकाऱ्यांनी तक्रार केली. ३१ डिसेंबर रोजी झडतीचा हुकूम घेऊन आलेल्या पोलिसावर त्याने बंद दारातून गोळी झाडली. पुढे सुरुंगाच्या दारूने त्याची झोपडी उद्ध्वस्त करण्यात आली, तरी तो निसटला. ३० जानेवारी १९३२ रोजी त्याच्या गोळीने एडगर मिलन हा पोलीस शिपाई ठार झाला. भर हिवाळ्यात रिचर्डसन पर्वत ओलांडून गेलेल्या जॉन्सनचा माग अखेर विमानाच्या साहाय्याने लागला आणि १७ फेब्रुवारी रोजी ईगल नदीवर तो मारला गेला. पहिल्या गोळीपासून अठ्ठेचाळीस दिवस उलटले होते. २००७ साली त्याचे अवशेष उकरून जनुकीय तपासणी करण्यात आली, तेव्हा त्याच्या ओळखीविषयीचे काही दावे निकालात निघाले.

चित्रपटाने यात केलेले फेरफार केवळ रंजनासाठी आहेत, असे म्हणता येणार नाही. पडद्यावर संघर्षाचे मूळ सापळ्यांत नसून कुत्र्यांच्या झुंजीत आहे : जखमी कुत्र्याला सोडवणारा जॉन्सन आरंभीच प्रेक्षकांची सहानुभूती मिळवतो. तक्रारदार आदिवासींची जागा क्रूर गोरे शिकारी घेतात. तरुण शिपाई मिलन येथे प्रौढ सार्जंट होतो. तो मरत नाही, उलट अखेरीस दुसऱ्याच माणसाचे प्रेत जॉन्सनचे म्हणून स्वीकारले जात असता खऱ्या जॉन्सनला जाऊ देतो. अशा रीतीने पाठलाग करणारा व पळणारा ही एकाच लोप पावत्या युगाची दोन रूपे ठरतात आणि विमान हे नव्या, निर्दय युगाचे प्रतीक बनते.

ही रचना कलादृष्ट्या सुसंगत आहे. परंतु तिचे मोल कोणी दिले, हेही पाहिले पाहिजे. मृत शिपायाचा मृत्यू पुसला गेला आणि ज्यांची उपजीविका सापळ्यांवर अवलंबून होती, त्यांची तक्रारच कथेबाहेर गेली. कॅनडाचे कादंबरीकार रूडी वीब यांनी ‘द मॅड ट्रॅपर’ (१९८०) या कादंबरीसाठी हाच विषय निवडला, यावरून त्याचे आकर्षण ध्यानी येते. नायकाच्या मौनाला अर्थ देण्याचा अधिकार कलावंताला आहेच; मात्र त्या मौनाभोवती जे बोलले होते, त्यांना गप्प करण्याचा अधिकार त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. सत्य घटनेवर आधारलेल्या कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन करताना हा भेद नजरेआड करून चालणार नाही.