मिरजेत ब्लॉक, कोल्हापुरात माल

कोल्हापूरच्या मालाला रेल्वेने बाहेर पडायला एकच वाट आहे, मिरजेची. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते या मार्गाच्या कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी धावली. पुढे महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली तेव्हा गुळाच्या व्यापाराला या रुळांचा मोठा आधार होता. ही सुमारे ४८ किलोमीटरची लाईन आजही कोल्हापुरात येऊन संपते.

पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणासारखं काम मिरजेसारख्या जंक्शनच्या यार्डापर्यंत पोचलं की रूळ टाकण्यापेक्षा इंटरलॉकिंग बदलणं अवघड असतं. सिग्नल आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) एकमेकांना बांधलेले असल्यामुळे एका गाडीला वाट दिली की तिला छेद देणारी वाट आपोआप बंद राहते. ही व्यवस्था उतरवून नवी बसवेपर्यंतचा काळ म्हणजे नॉन-इंटरलॉकिंग. तेव्हा पॉइंटना क्लॅम्प लावून कुलूप घालतात, गाडी लेखी परवानगीवर आणि झेंडीवर पुढे सरकते आणि पॉइंटवरून तिचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. साहजिकच यार्डातून थोड्याच गाड्या निघतात आणि बाकीच्या वळवाव्या लागतात.

मालगाडी वळवताना कंट्रोल ऑफिसला बरंच काही जमवावं लागतं. त्या मार्गाची माहिती असलेला लोको पायलट हवा, वाटेत थांबायला पूर्ण रेक मावेल एवढी लूप लाईन हवी आणि चढ इंजिनाला पेलायला हवा. उदाहरणार्थ, लोंढ्याहून गोव्याकडे माल न्यायचा तर ब्रागांझा घाटात ३७ ला १ असा उतार आहे. गोव्याकडून भरलेली गाडी वर आणताना जादा इंजिनं जोडावी लागतात.

पुण्याकडची वाट अडली तर मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, दौंड हा पर्याय आहे. पूर्वी हा पर्याय नव्हताच. मिरज-कुर्डुवाडी ही बार्शी लाईट रेल्वेची नॅरो गेज लाईन होती. मिरजेत एकेकाळी तिन्ही गेज नांदत होते आणि गेज बदलला की माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. तो मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेचं पाणी रेल्वेने थेट तहानलेल्या लातूरला पोचलं. जादा वाटेची किंमत अडचणीच्या दिवशी कळते, ती अशी.

कोल्हापूरला मात्र तेवढाही पर्याय नाही. खुद्द मिरज यार्डच बंद असेल तर गूळ मार्केटच्या मालधक्क्यासाठी निघालेला खताचा रेक वळवायचा कुठून? तो अलीकडच्या स्टेशनवर थांबतो, किंवा माल दुसरीकडे उतरवून ट्रकने आणावा लागतो. माल चढवण्या-उतरवण्याची हमाली दुप्पट होते, हंगामात शेतकऱ्याचे दिवस वाया जातात.

सुमारे १०७ किलोमीटरच्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाकडे म्हणूनच केवळ कोकणच्या प्रवासाची सोय म्हणून पाहू नये. तो झाला तर कोल्हापूर कोकण रेल्वेला जोडलं जाईल, बंदरं जवळ येतील आणि मिरजेत कितीही मोठं काम निघालं तरी इथल्या मालाला दुसरा दरवाजा उघडा राहील. शाहू महाराजांच्या काळात रूळ आले ते व्यापारासाठी. त्या व्यापाराला आज दुसऱ्या वाटेची गरज आहे.