अब्रू जाते कुणाची?

परवा वारणानगरात वंदना संपल्यावर एक भगिनी हळूच म्हणाली, ‘मालक म्हणत्यात, पोलिसात गेलीस तर अब्रूचा दावा ठोकतो. अमेरिकेतल्या नटानं बायकोवर ठोकला तसा!’

बंधु-भगिनींनो, नट जॉनी डेप यांनी घटस्फोटित पत्नी अ‍ॅम्बर हर्ड यांच्यावर २०२२ साली दावा जिंकला, तो वर्तमानपत्रातील लेखावरून. आपल्या कायद्यात सद्हेतूने पोलिसांकडे वा संरक्षण अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही.

लैंगिक छळाबद्दल बोलल्यामुळे पत्रकार प्रिया रमाणींवर तत्कालीन मंत्री एम. जे. अकबर यांनी २०१८ साली खटला भरला. दिल्लीच्या न्यायालयाने २०२१ साली संविधानाच्या कलम २१चा आधार घेत रमाणींना निर्दोष सोडले. अकबर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले.

अब्रू मारणाऱ्याची जाते, मार खाणारीची नव्हे. घरातल्या लेकी-सुनांना हे वाचून दाखवा.

जय भीम!