आकड्यांची भातुकली

पनवेलच्या शेजारी करंजाडे आहे. एकेकाळचे भातशेतीचे आगरी गाव, आता सिडकोच्या आखीव रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींची वसाहत. नव्या विमानतळासाठी गावठाण सोडावे लागलेल्या काही कुटुंबांना याच वडघर-करंजाडे भागात जागा मिळाली. बाकीची बिऱ्हाडे कोणी घाटावरून, कोणी तळकोकणातून, कोणी मुंबईच्या चाळीतून आलेली. घर दोन खोल्यांचे, माणसे तीन किंवा चार, आणि आजी बहुधा गावी. अशा वसाहतीत राहायला आल्यावर आईबापांना पाण्याच्या खालोखाल काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. ती म्हणजे मुलाची नर्सरी.

आणि नर्सरीत घातल्यावर सहा महिन्यांनी पाहुण्यांपुढे जी परीक्षा होते, तीही ठरलेलीच. “सोनू, काकांना वन टू हंड्रेड म्हणून दाखव बरं!” सोनू भिंतीला टेकून, डोळे छताला लावून, घडाघडा म्हणून दाखवतो. काका वाहवा करतात. आता त्याच सोनूला स्वयंपाकघरातून सहा वाट्या आणायला सांगून पाहा. तो दोन्ही हातांत मावतील तेवढ्या घेऊन येतो! शंभरापर्यंत पोचलेला हा गृहस्थ सहाशी अडतो, आणि मग आईचा चेहरा पडतो.

यात मुलाचा काही दोष नाही, बाईंचाही फारसा नाही. पाठ म्हणणे आणि मोजणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, एवढेच आपण विसरलो आहोत. म्हणण्यासाठी जीभ पुरते. मोजण्यासाठी तीन गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, दोन नाही आणि शून्यही नाही. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या वाटीचे नाव नसून सगळ्या वाट्यांचा मिळून जमाखर्च आहे, हे उमजायचे. चार वर्षांच्या मुलापुढे पाच बोरे मोजून घ्या आणि लगेच विचारा, “किती रे झाली?” पुष्कळ मुले पुन्हा एकपासून मोजू लागतात. “किती” या प्रश्नाचा अर्थ त्यांच्या लेखी “मोज” असाच असतो. हा टप्पा ओलांडायला काही महिने लागतात, आणि तो वहीत आकडे गिरवून ओलांडला जात नाही.

खट्याळ अस्वलाची करामत

जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या संख्याज्ञानावर 1941 साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा एक प्रयोग तुम्ही घरी चिंचोक्यांवर करू शकाल. दोन ओळी समोरासमोर मांडा, दोन्हींत सारखेच चिंचोके. मूल म्हणेल, सारखे आहेत. आता त्याच्या देखत एक ओळ पसरून लांब करा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगेल की लांब ओळीत जास्त झाले! पियाजेचा निष्कर्ष असा की या वयात संख्या अजून पक्की झालेली नसते. डोळ्यांना जे दिसते ते मनावर मात करते.

पण गोष्ट इथे संपली नाही. 1974 च्या सुमारास स्कॉटलंडमधील मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या दोघांनी तोच प्रयोग थोडा फिरवून केला. ओळ मोठ्या माणसाने मुद्दाम पसरायची नाही. एक खट्याळ खेळण्यातले अस्वल पेटीतून निसटायचे, धुडगूस घालायचे आणि ओळ विस्कटून टाकायचे. आणि मौज अशी की, पूर्वी चुकलेल्यांपैकी कितीतरी मुलांनी आता बरोबर उत्तर दिले. अस्वलाने नुसते हलवले, कमी-जास्त काही केले नाही, हे त्यांना पटले. मोठे माणूस तोच प्रश्न दोनदा विचारते तेव्हा मुलाला वाटते, पहिले उत्तर चुकले असणार. अस्वलाच्या बाबतीत तसा संशय येत नाही. काय झाले, कोणी केले, का केले, हे त्याला कळते, कारण ती एक गोष्ट असते.

म्हणून आमचे असे मत आहे की लहान मुलांच्या शाळेत “गणिताचा तास” आणि “गोष्टीचा तास” असे दोन कप्पे करणे हेच मुळात चुकीचे आहे. आणि हे शहाणपण काही विलायतेहून आयात करायला नको. आपल्याकडे ते पाऊणशे वर्षांहून अधिक काळ करून दाखवलेले आहे, आणि तेही करंजाड्याहून फार दूर नव्हे, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आणि कोसबाडच्या टेकडीवर.

शाळा मुलांकडे गेली

ताराबाई मोडक (1892–1973) राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात मुख्याध्यापिका होत्या. प्रतिष्ठेची जागा, पगार चांगला. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. पण मुलांना असा लळा लावला की गुजरातेत त्यांना “मिशीवाली आई” म्हणत! 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या “दिवास्वप्न” या पुस्तकातला मास्तर एका दांडगट वर्गापुढे उभा राहतो आणि छडी किंवा पाढे यांच्या ऐवजी गोष्ट काढतो. वर्ग ताब्यात येतो, आणि पुढचे सारे शिक्षण त्या गोष्टीच्या पोटातून निघते.

1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. तिथवर ही चळवळ आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय घरांची होती. मॉन्टेसरीबाईंची साधने म्हणजे सुबक लाकूडकाम. सर्वांत लांब काठी एक मीटरची आणि सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची, अशा लाल-निळ्या दहा काठ्या. शून्यापासून नऊपर्यंत खण असलेली पेटी आणि तिच्यात घालायच्या 45 चात्या. या पेटीची खुबी पाहण्यासारखी आहे. सगळे खण बरोबर भरले तर शेवटी हातात एकही चाती उरत नाही, आणि शून्याचा खण रिकामाच राहतो. चूक झाली तर बाईंना बोलावेच लागत नाही, पेटीच सांगते.

1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण आणि मास्तरकी, असा अनुताईंचा प्रवास. त्या आल्या त्या कायमच्या. 1992 साली त्यांचा अंत झाला तोवर त्यांनी हे काम सोडले नाही.

बोर्डीत पहिली अडचण आली ती साधनांची नव्हे, मुलांची. बालवाडी तयार, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणी आईबरोबर कामावर गेलेले. मग या दोघींनी उलटा हिशेब केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची! झाडाखाली, पाड्यातल्या मोकळ्या जागेत बालवाडी भरू लागली आणि तिचे नाव पडले अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडला हलले, वारली मुलांमध्ये. तिथे मुले गुरे राखायला रानात जात. तेव्हा शिक्षिका कुरणात जाऊ लागल्या. तीच कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते हेच. आज देशभर जी अंगणवाडी दिसते तिचे नाव या आपल्या किनाऱ्यावरचे आहे.

रानात एक मीटरच्या रंगीत काठ्या कोठून आणायच्या? बांबूच्या कांड्या आल्या. शिंपले, बिया, पाने, खडे आले. आमच्या मते हा नुसता काटकसरीचा प्रश्न नव्हता. पाचच पाने असलेली डहाळी जे मूल रोज मोडते, त्याला पाच म्हणजे काय हे दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या पाचापेक्षा लवकर कळते. शहरातल्या नर्सरीत आज भिंतीवर सफरचंदांची चित्रे असतात. त्या चित्रातले सफरचंद उचलता येत नाही, खाता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. मग त्याचे एक काय आणि सात काय!

एकोणिसाचे कोडे

मराठी मुलाच्या वाटेत आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो आपण मोठी माणसे रोज ओलांडत असूनही आपल्याला दिसत नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस मागून. लिहिताना दोन आधी, पाच मागून. मूल ऐकते तसे लिहिते आणि 52 लिहून ओरडा खाते. एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद यांत तर पुढच्या दशकातून एक वजा केलेला आहे. म्हणजे वीस ऐकण्यापूर्वीच त्याला “विसाला एक कमी” समजले पाहिजे! (नव्याण्णवाला मात्र कोणी एकोणशंभर म्हटले नाही, हेही नवलच.)

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “वीस एक”, “पन्नास तीन” असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. मराठी बुडाली, असेही काही म्हणाले. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख असलेल्या डॉ. मंगला नारळीकर (त्या 2023 साली निवर्तल्या) यांचे म्हणणे सरळ होते: मुलाला संख्या समजायला हे सोपे जाते. आम्हांला त्रेपन्न आणि एकोणसाठ प्रिय आहेत, ते टिकावेत असेच वाटते. परंतु एखाद्या मुलाला त्रेपन्न म्हणजे पन्नास आणि वर तीन हे चिंचोक्यांच्या पाच ढिगांवर आणि तीन सुट्यांवर दाखवले, तर त्यात भाषेचे काय बिघडले, हे अजूनही उमगलेले नाही.

“मग काय झालं?”

आता गोष्टीकडे वळू. आपण गोष्ट सांगतो आणि मूल ऐकते; तेवढ्याने निम्मेच काम होते. मुलाने गोष्ट सांगितली पाहिजे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची कथा घ्या. जाताना जे जे भेटतात ते येताना पुन्हा वाट अडवतात. कोण आधी आणि कोण मागून, हे लक्षात ठेवल्याशिवाय ती सांगताच येत नाही. पहिला, दुसरा, तिसरा या शब्दांचा इतका चोख उपयोग कोणत्या अंकलिपीत आहे? चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे. पाऊस आला म्हणून एक वाहून गेले, एक राहिले. “म्हणून” हा शब्द मूल इथे शिकते. “आधी”, “मग”, “म्हणून”, “पण” हे चार शब्द ज्याच्या तोंडी बसले, त्याला पुढे गणितातले शाब्दिक उदाहरण परके वाटत नाही. पुष्कळ मुलांचे गणित बेरजेत अडत नाही, उदाहरणाची गोष्टच त्यांना वाचता येत नाही.

मूल सांगत असताना मधेच दुरुस्ती करू नये. वाघाच्या आधी लांडगा आला काय, मागून आला काय, म्हातारी सुखरूप घरी पोचली म्हणजे झाले. आपण फक्त हुंकार द्यावा, आणि गाडी थांबली तर विचारावे, “मग काय झालं?” “वाघाचा रंग कोणता?” असले परीक्षेतले प्रश्न विचारले की गोष्ट तिथेच मरते.

करंजाड्यासारख्या वसाहतीत खरी उणीव आहे ती इथे. आई-वडील संध्याकाळी उशिरा लोकलने उतरतात, आजी फोनच्या पडद्यावर भेटते, आणि गोष्ट सांगायचे काम मोबाइलवरच्या चित्रांकडे गेलेले असते. ती चित्रे सुंदर असतात, पण ती मुलाला “मग?” असे विचारत नाहीत आणि त्याने सांगितलेले ऐकूनही घेत नाहीत. आजीला मात्र फोनवरूनही हुंकार देता येतो. रात्री दहा मिनिटे नातवाने आजीला गोष्ट सांगायची, असा क्रम लावून पाहावा. आजीला विसरायला होते हे तर इथे फायद्याचेच. ती विचारते, आणि मूल आठवून सांगते!

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा धरला, आणि 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर वाचन आणि अंकज्ञान यांचे ध्येय ठेवले. कागदावर खेळ आला आहे. पण करंजाड्यातली नर्सरी निवडताना आई “गृहपाठ किती देता?” असेच विचारणार असेल, तर बाई बिचाऱ्या गृहपाठच देणार. त्याऐवजी वर्गात एक फेरी मारावी. मुलांच्या हाताशी वाळू, बिया, ठोकळे आहेत का, आणि बोलणे कोणाचे चालले आहे, मुलांचे की एकट्या बाईंचे, एवढे पाहावे.

घरी तर दिवाळी ही या अभ्यासाची ऐन सुगी. करंज्या ताटात एकेक मांडताना, प्रत्येक पायरीवर एक पणती ठेवताना वस्तूला आकडा आपोआप जुळतो. “एक पायरी उरली, पणती संपली, आता किती आणायच्या?” हा प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो. दारात पाच ठिपक्यांची रांगोळी काढा. मधली ओळ पाचाची, तिच्या वर आणि खाली चार, तीन, दोन, एक. धाकट्याने ठिपके द्यावेत, थोरल्याने सगळे मिळून किती ते मोजावे. पंचवीस भरतात. नऊ ठिपक्यांची काढली तर एक्याऐंशी. पाच पंचे आणि नव नव यांच्याशी याचा काय संबंध, हे थोरल्याला विचारू नका. त्याचे त्याला दिसले की तो स्वतःच ओरडत घरात येईल. धाकट्याला मात्र किल्ल्यावरच्या मावळ्यांची नावे ठेवायला सांगा, आणि त्यांतला एक पायथ्याशी का झोपला आहे, हे त्याच्याकडूनच ऐका.