मनाची तपासणी कशी होते?



दावणीच्या बैलानं वैरण सोडली, तर आपण स्वस्थ बसतो का? त्याचं तोंड पाहतो, पोट चाचपतो आणि संध्याकाळच्या आत गुरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडतो. पण घरातल्या माणसाचं मन बिघडलं, म्हणजे मात्र आपला शहाणपणा कुठं जातो कोण जाणे! कुणी म्हणतं, "नाटकं आहेत." कुणी म्हणतं, "बाहेरचं लागलंय." अंगारे-धुपारे होतात, महिन्यांमागून महिने जातात, आणि दुखणं मात्र आत मुरत जातं. 'तपासणीला नेलं तर वेडाचा शिक्का बसेल' ही धास्ती त्याच्या मुळाशी असते. म्हणून ही तपासणी असते तरी कशी, ते आज आपण पाहू.

समजा, आपल्याच वाडीतली एक लेकुरवाळी बाई आहे. एरवी हसून-खेळून असणारी. पण पेरण्या झाल्यापासून तिचं कशातच चित्त लागत नाही. पहाटे तीनलाच जाग येते. भाकरी गोड लागत नाही. पोर रडलं तरी उठावंसं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, "आळस चढलाय." तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं, तर काय होईल?

पहिल्यांदा शरीर तपासतील. अंगात रक्त कमी असलं, किंवा गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी मंदावली, तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी रक्ताची परीक्षा. चालू असलेल्या औषधांचीही चौकशी होते.

मग बोलणं. हीच खरी तपासणी. हे कधीपासून? झोप कशी? भूक कशी? घरात कुणाला असं झालं होतं का? नुकतंच कुणी गेलं का? कारण जवळचं माणूस गेल्यावर येणारं रडू म्हणजे लगेच रोग नव्हे. आणखी एक प्रश्न हमखास विचारतात: "या आधी कधी उलट झालं होतं का? झोप नको, बडबड फार, पैसा पाण्यासारखा खर्च, असे दिवस होते का?" तसं असेल तर आजार निराळा आणि औषधही निराळं. घरच्यांना विचारतात, पण रुग्णाशी एकांतातही बोलतात. सासरच्या माणसांदेखत सुनेनं मन मोकळं कसं करावं, सांगा!

त्यानंतर प्रश्नावली. २००१ साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिच्यात अवघे नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत उदास किती दिवस वाटलं, थकवा किती दिवस होता, अशा धर्तीचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक आले, तर जास्त खोलात जाऊन पाहायला हवं. पण नुसत्या गुणांवरून निदान ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, माणसाची होत नाही.

शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा असतो. पुष्कळांना वाटतं, असं विचारलं तर नसतं ते डोक्यात यायचं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचाच माणसाला धीर वाटतो. आणि हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेल्यानं जीव वाचू शकतो.

आता गुरुजींसाठी थोडं. वर्गात एक मुलगा असतो. तोंडी हिशेब चटकन सांगतो, गोष्ट रंगवून सांगतो. पण वाचायला उभं केलं की अडखळतो, अक्षरं उलटीसुलटी लिहितो. त्याला 'मठ्ठ' म्हणण्याआधी डोळे तपासा, कान तपासा. मग मानसशास्त्रज्ञाकडं पाठवा. बुद्धी चांगली आणि वाचन मात्र फार मागे, असं चाचण्यांत दिसलं, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. अशा मुलाला छडी नको, शिकवण्याची निराळी रीत हवी.

बुद्धीच्या चाचणीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ या दोघांनी ती तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत हवी ते कळावं, हा हेतू. मुलांना हिणवण्याचा नव्हे. पुढं आपल्याकडं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. हे काम मोलाचं. कारण परक्या भाषेत, कधी न पाहिलेल्या वस्तूंबद्दल विचारलं, तर हुशार पोरही गप्प बसेल. मग ती परीक्षा बुद्धीची की ओळखीची?

यातलं एक ध्यानात ठेवा. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देतो. दोघंही मनातलं ओळखणारे जादूगार नव्हेत. आपण सांगू तेवढंच त्यांना कळतं. म्हणून लपवू नका.

आणि शिक्क्याची भीती? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं आहे, की आजाराचं निदान मान्य वैद्यकीय कसोट्यांवरच व्हावं. माणूस गरीब आहे, अमक्या जातीचा आहे किंवा गावाच्या रीतीप्रमाणं वागत नाही, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढंच कारणही पुरत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हाही त्याचा हक्क आहे.

जिल्ह्याचं गाव लांब असेल, तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. रात्री-अपरात्रीही तिथं बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.

तर मंडळी, त्या बाईला आळशी म्हणण्याआधी आणि त्या पोराला मठ्ठ म्हणण्याआधी, जवळ बसून एवढंच विचारा: "काय होतंय तुला?" तपासणीची सुरुवात तिथूनच होते.